तीन काडेपेट्या

प्लॅस्टिकच्या डब्या कोठीतून आल्याच नाहीत,
म्हणून बाई वर्गात म्हणाल्या, काडेपेटीत आणा.
बुधवारी सकाळी दांडेकर पुलाजवळच्या शाळेतून
चपलांच्या खोक्यात भरून आल्या सत्तेचाळीस काडेपेट्या,
वर वहीच्या कागदाची पट्टी, भाताच्या शिताने चिकटवलेली,
नाव, इयत्ता, तुकडी.
एकीवर तर समासही आखलेला.

रमजानभाई शिपायांनी खोकं टेबलावर ठेवलं
लांबूनच, हात ताठ करून,
सुतळी बॉम्ब पेटवून ठेवावा तसं.

मी या कामात सव्वीस वर्षं.
घरी विचारतात, आज काय केलंस?
काही नाही, म्हणते, काचा पाहिल्या.
काडीच्या टोकाएवढा नमुना, मिठाच्या पाण्याचा थेंब,
शेजारी आयोडीनचा,
वर झाकणकाच, अलगद, बुडबुडा येऊ न देता.
दुसरा डोळा मिटावाही लागत नाही आता,
तो नुसता उघडा असतो.

गोलकृमीचं अंडं चिकूच्या रंगाचं, कडेला झालर.
चाबूककृमीचं म्हणजे ढोलकी, दोन्ही तोंडांना बूच.
अंकुशकृमीचं काचेसारखं, इतकं नाजूक
की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा,
खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

आई म्हणायची, गूळ खातेस चोरून, म्हणून जंत,
रात्री दात खातेस, ऐकलंय मी.
आणि वावडिंगाचा काढा, नाक दाबून.
मी गूळ नाही, पाटीवरची पेन्सिल खायचे,
दप्तराआड तोंड घालून, कुरुम कुरुम,
ओल्या भिंतीची चव.
पोरगी पांढरी पडत चालली, ते सगळ्यांना गोरेपण वाटलं.

तर अकरा, बारा आणि तेरा नंबर.
दुर्गव्वा मंजाळकर, आफ्रीन तांबोळी, पल्लवी खुडे.
चौथी ब.
अकरात टोमॅटोचं साल, गोलकृमी भरपूर, ढोलक्या दोन.
बारात टोमॅटोचं साल, गोलकृमी भरपूर.
तेरात मी आधी सालच शोधलं.

होतं.

दुपारी शाळेत गेले. तिघींना व्हरांड्यात बोलावलं.
पल्लवी अंगठ्याने फरशी कोरत राहिली.
आफ्रीन म्हणाली, संडासाला कुलूप होतं,
किल्ली मामांकडे, मामा लग्नाला तळेगावला.
आणि हिला तर झालीच नाही, मॅडम, कुंथून कुंथून.
मग दुर्गव्वा बोलली, अगदी साधेपणाने,
"माझी खूप होती. दिली थोडी थोडी."

हसू दाबायला मी खिडकीबाहेर पाहिलं.
बाहेर कालवा. काठावर दोन चिमुरडी बसलेली,
चड्ड्या हातात, आणि जरा मागे
एक कुत्रं, वाट बघत.
मग हसू दाबावं लागलं नाही.

गोळी सगळ्यांनाच आहे येत्या मंगळवारी,
चावून खायची, वासाला बरी,
तिथे कुणाच्या पेटीत काय निघालं ते कुणी बघत नाही.
सहा महिन्यांनी पुन्हा एक.
मधल्या काळात नळ पहाटे साडेपाचला, चाळीस मिनिटं.
शाळेतला साबण बाईंच्या कपाटात,
वडी पळवतात म्हणून.
रजिस्टरात मी अकरासमोर लिहिलं.
बारा आणि तेरासमोर बराच वेळ पेन धरून बसले,
मग लिहिलं, नमुना पुन्हा घ्यावा,
आणि कुलपाचं कुणाला कळवायचं ते रमजानभाईंना विचारलं.
ते म्हणाले, मॅडम, कळवा की, कुणालाही.

शनिवारी तिघी दवाखान्यात हजर. बघायचंय म्हणाल्या.
दुर्गव्वाला स्टुलावर उभी केली, दिवा लावला.
बघतच राहिली. तोंड उघडं.
"आत अंधार असतो ना?
मग यांना सकाळ झालेली कशी कळते?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी काहीतरी जुळवत होते सांगायला,
तेवढ्यात आफ्रीनने मागून ढोसलं, सरक ना गं, सरक,
आणि दुर्गव्वाने दोन्ही हातांनी दुर्बिण घट्ट धरली,
"थांब की.
माझे आहेत."